बबनचा खारा हात

साल दोन हजार तेरा. मला तेव्हा अठ्ठावन्न पुरी झाली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, पोरांना नाही, देवळात हात जोडून मनातल्या मनात सुद्धा नाही. देवापुढं हा विषय मनात आला की मी डोळे उघडायचो आणि घंटा वाजवून बाहेर यायचो. आता तुम्हाला सांगतोय. का तुम्हालाच? तुमची माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मधेच उठून जाणार नाही असं वाटतंय म्हणून.

शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना काना-मात्रा चुकला तर चुकला. ट्रकच्या फाळक्यावर अक्षरं काढताना माझी वेलांटी कधी चुकली नाही, मला तेवढं पुरे आहे. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. पण हेकट माणूस खोटं बोलत नाही, असाही एक समज आहे आमच्याकडं. 'निवृत्तीदादा तोंडावर बोलतो, पण खरं बोलतो.' त्या समजावर मी जगलो. आणि त्याच समजानं — थांबा. असं उलटं सांगून कळणार नाही. आधी धंदा सांगतो.

मूळचा मी बोरी बुद्रुकचा. पण हयात गेली मंचरला, हायवेच्या कडेला. पत्र्याची शेड, पुढं मोकळी जागा, तिथं ट्रक, टँकर, जेसीबी येऊन उभे राहायचे. आधी मी रंग मारायचो. पुढं रंग फवारायच्या गनच्या वाफेनं छाती धरली, डॉक्टर म्हणाला रंग सोडा नाहीतर श्वास सोडा. मग मी पॉलिश धरलं. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे चमक. चमक तर डिझेलचा बोळा फिरवला तरी येते, आणि ड्रायव्हर लोक तेच करतात — सणाला डिझेलनं गाडी पुसायची, दोन दिवस लखलखते, तिसऱ्या दिवशी त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसते आणि रंग आतून मरतो. ह्यावरून मी किती ड्रायव्हरांशी भांडलो असेन. टोमॅटोचे क्रेट भरून गाडी निघाली की फुटलेल्या टोमॅटोचं पाणी हौद्यावरून खाली ओघळतं. ते उन्हात वाळलं की रंगाला खातं. बटाट्याची माती, कांद्याचा फोल, चिंचेच्या झाडाखाली उभी केली तर पाखरांची विष्ठा — ह्या सगळ्यांपासून रंग राखायचा, तो माझा धंदा. मला त्याची लाज कधी वाटली नाही. पण रंग मारणारा आणि रंग पुसणारा ह्यात लोक फरक करतात. मीही करायचो. म्हणून तर हे सगळं घडलं.

बबन माझ्याकडं शिकला. तो पश्चिमेचा, डोंगरातला, भातखाचरातला गडी. आला तेव्हा लग्न झालेला होता, बायको गावाकडं. त्याला मी हात शिकवला. हात म्हणजे तळवा. पुट्टी घासून सारखी केली की डोळ्याला ती सपाटच दिसते, डोळा फसतो. तेव्हा डोळे मिटायचे आणि तळवा फिरवायचा. जिथं खड्डा असेल तिथं हात सांगतो, जिथं खडा असेल तिथं हात सांगतो. मग ते अंग स्वच्छ फडक्यानं पुसायचं. आणि एकदा पुसलं की कुणी शिवायचं नाही — मालकानं नाही, ड्रायव्हरनं नाही, स्वतः सुद्धा नाही. "पुसलेली गाडी सोवळ्यात असते," असं मी त्याला सांगायचो. तो हसायचा. "दादा, आमच्या आजीपेक्षा तुमच्या गाडीचं सोवळं कडक," म्हणायचा.

पाच-सहा वर्षांत तो तयार झाला. माझी छाती गेली तेव्हा मला वाटलं, आता हा माझ्या शेडमध्ये, माझ्या नावानं रंग मारेल. त्यानं तसं केलं नाही. रस्त्याच्या पलीकडं, माझ्या शेडच्या बरोबर समोर, त्यानं स्वतःची शेड टाकली. चोरून नाही टाकली. नारळ-पेढे घेऊन घरी आला, पाया पडला, म्हणाला, "तुमच्या डोळ्यासमोर राहीन म्हणून इथंच जागा घेतली दादा." मी आशीर्वाद दिला. तोंडानं दिला. उद्‌घाटनाला गेलो नाही, पाव्हणे आलेत म्हणून सांगितलं. पाव्हणे कुठले? मी शेडमध्ये बसून सनईची कॅसेट ऐकत होतो, त्याच्याकडं वाजत होती ती.

त्यानंतर मी त्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. वर्षं गेली, नाही टाकलं. तो रोज रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचा, चहा प्यायचा, काही अडलं तर विचारायचा. मी सांगायचो. पण पलीकडं जायचो नाही. तो बोलवायचा — "एकदा येऊन बघा तरी दादा, काय चुकतंय ते सांगा." मी म्हणायचो, येतो की. लोक काय बोलायचे ते माझ्या कानावर यायचंच. सोपान म्हणून एक ड्रायव्हर होता, लई तोंडाळ. तो पॉलिशला गाडी लावायचा आणि मला ऐकवायचा, "दादा, चेला तुमच्या पुढं गेला बरं का. त्याच्या रंगात तोंड बघून दाढी केली परवा." मी म्हणायचो, "तुझ्या तोंडाला डांबरात बघितलं तरी फरक पडायचा नाही." सगळे हसायचे. मी पण हसायचो. मग ती गाडी मी इतक्या जोरात घासायचो की संध्याकाळी खांदा वर व्हायचा नाही.

तर ते वर्ष. दसरा तोंडावर आला होता. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्याच्या आधी सगळ्यांना गाड्या नव्या दिसायला हव्या असतात. पारसशेठ म्हणून एक व्यापारी होते, कांदा-बटाट्याचे. त्यांचे वडील मारवाडातून आलेले, पण हे मंचरलाच वाढले, माझ्यापेक्षा सरळ मराठी बोलायचे. त्यांच्या घरच्या सगळ्या गाड्या आजवर मी रंगवलेल्या. छाती गेल्यावर सुद्धा त्यांनी बाहेर कुठं गाडी दिली नव्हती, रंग तसाच जुना चालवला. त्या वर्षी ते माझ्याकडं आले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "निवृत्तीभाऊ, मोठी गाडी बबनला देतो रंगायला. पॉलिश मात्र तुमचंच." सोपान त्यांचाच ड्रायव्हर. तो मागं उभा राहून दात काढत होता. मी म्हणालो, द्या की, पोरगा चांगला आहे.

आता त्या सकाळचं सांगतो.

मी एका दुधाच्या टँकरला पॉलिश करत होतो. नवीन पॉलिश होतं, पुण्याहून आणलेलं. पांढरं, लोण्यासारखं. त्यात काहीतरी असं होतं की पाणी टाकलं तर थेंब थेंब होऊन पळायचं, अंगाला चिकटायचंच नाही. देणाऱ्या दुकानदारानं मला बजावलं होतं — काका, जिथं रंगाचं काम चालू असेल तिथं हे नेऊ नका. हाताला लागलेलं सुद्धा साबणानं लवकर जात नाही. ह्याचा अंश जरी राहिला तरी वरचा रंग धरत नाही, फाकतो. डबीवर पण लिहिलं होतं म्हणे, इंग्रजीत. मी त्याला म्हणालो, मला रंग शिकवू नकोस. पण ऐकलं होतं मी. हे लक्षात ठेवा — मी ऐकलं होतं.

टँकरच्या मागं उभा राहून मी बघितलं, बबन मोटारसायकल काढून गावात गेला. रंग नाहीतर थिनर आणायला गेला असेल. त्याचा माणूस पलीकडच्या हॉटेलात नाश्त्याला बसला होता. शेडला ताडपत्री सोडलेली. मी रस्ता ओलांडला.

का गेलो? चूक शोधायला गेलो. दुसरं काही नाही. मला एक खड्डा हवा होता, एक खडा. म्हणजे संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणता आलं असतं, 'बबन, दाराच्या कडेला पुट्टी बसली नाही रे.' शेठची गाडी आत उभी होती, अस्तर मारून, घासून, अगदी मऊ राखाडी. मी डोळे मिटले आणि तळवा ठेवला. केबिनच्या दारापासून सुरुवात केली, मागं हौद्याच्या पहिल्या पत्र्यापर्यंत हात नेला. काही नाही लागलं. परत आणला, जरा खालून. काहीच नाही. तिसऱ्यांदा मी बोटं दाबून फिरवली, अहो, शोधतच होतो. त्या माणसानं जुन्या ट्रकचा ठोकलेला पत्रा काचेसारखा करून ठेवला होता. माझ्या उमेदीत माझ्या हातून असा पत्रा झाला होता का? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. नाही.

परत येताना, रस्त्याच्या मधोमध, मी हात लेंग्याला पुसला.

का पुसला? मी कितीदा स्वतःला विचारलं हे. धूळ लागली म्हणून? पुसलेल्या अंगाला धूळ नसते. ती गाडी पुसून ठेवलेली होती, तिच्यावर कण नव्हता — मग मी काय पुसत होतो? शेडमध्ये येऊन हात नाकाला लावला तेव्हा त्या पॉलिशचा वास आला. मी टँकरपाशी उभा राहिलो. मला कळलं होतं. अजून रंगाचा थेंबही पडला नव्हता आणि मला सगळं कळलं होतं.

बबन आला. त्यानं ताडपत्री वर केली. तेव्हा वेळ होती. त्याचा माणूस आला, दोघांनी डबे उघडले, रंग ढवळला. तेव्हाही होती. मला फक्त हाक मारायची होती — 'बबन, थांब. पुन्हा धुऊन घे.' तो विचारणार, का दादा? मग काय सांगू? की इतकी वर्षं तू बोलावून आलो नाही आणि आज तू नसताना चोरासारखा आत शिरलो? की तू पुसून ठेवलेल्या अंगावर मी हात टाकला, ज्याचं सोवळं मीच तुला शिकवलं? की चूक शोधत होतो आणि सापडली नाही? पहिली दोन मी कदाचित सांगितली असती. तिसरी नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला. तो आवाज मला अजून येतो, धड-धड-धड, हवा भरताना. टाकी भरून आवाज थांबला तेव्हाही वेळ होती. मग गनचा सूं आवाज आला. मी टँकरकडं तोंड केलं आणि जी जागा घासून झाली होती तीच पुन्हा घासत बसलो.

रंगाला डोळे पडले. आमच्या धंद्यात तसंच म्हणतात — ओला रंग जागोजागी मागं सरकतो आणि मधे गोल गोल भोकं उघडतात, आतलं अस्तर दिसायला लागतं. माशाच्या डोळ्यासारखी. मारता मारताच पडतात. बबननं गन बंद केली. पुन्हा थोडा मारला, पुन्हा पडले. मग त्यानं घाबरून जे करू नये ते केलं — थिनरच्या फडक्यानं ती जागा पुसली आणि वरून परत मारला. ते फडकं जिथं जिथं लागलं तिथं तिथं नवीन डोळे. आधी एक पट्टा होता, आता अर्धी केबिन डोळ्यांनी भरली. मला पलीकडून हे सगळं दिसत होतं आणि प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत होतं. ओरडावंसं वाटलं — फडकं फेक, ते फडकं फेक. वाटलं फक्त.

दुपारी शेठ आले, सोपान आला, येणारे-जाणारे दोघं-चौघं जमले. बबन पलीकडून पळत आला. तोंडाला पांढरा रुमाल तसाच बांधलेला. "दादा, चला. मला कळंना काय झालंय."

मग मी गेलो. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच गेल्यासारखा. आत शिरताना मी वर-खाली बघितलं, म्हणजे जागा नवीन असल्यासारखं. हे पण मी केलं.

बबन म्हणाला, "डबा नवा, थिनर नवा, कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढलं होतं. सगळं तुमी शिकवल्यासारखं." शेठ चष्मा काढून पुसत होते. मी वाकून बघत होतो आणि मला घाम फुटला होता, कारण बघणाऱ्याला ते दिसेल असं होतं. पहिल्या पट्ट्यातले डोळे ओळीनं होते. चार ओळी शेजारी शेजारी, दारापासून मागं गेलेल्या, आणि त्यांच्याखाली एक रुंद डाग. मला वाटलं, आता कुणालातरी कळणार. आणि सोपानला कळलं.

"आयला," तो म्हणाला, "हे तर कुणी हात फिरवल्यागत दिसतंय, राव. ही बघा बोटं."

सगळे वाकले. शेठनी चष्मा घातला. मला माझ्या उजव्या हाताचं काय करावं कळेना, तो मी पाठीवर नेला, मग खिशात घातला. कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. पण बघितलं असतं तर? तेवढ्या क्षणात, खरं सांगतो, मी बोलणार होतो. तोंड उघडलं सुद्धा. आणि जे बाहेर आलं ते असं होतं —

"बबन, पुसल्यावर हात लावला होतास?"

तो विचारात पडला. प्रामाणिक माणूस. म्हणाला, "पुसायच्या आधी लावला. नंतर — नंतर नसंल लावला." मी म्हणालो, नीट आठव. तो आठवायला लागला, आणि जसा आठवायला लागला तशी त्याची खात्री गेली. रोज शंभरदा करायची गोष्ट माणसाला आठवते का? त्यानं गाडीकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं. "लागला असंल दादा. सवय हाय. येताना-जाताना फिरला असंल."

सोपान म्हणाला, "अहो पण निस्त्या हातानं कुठं डोळं पडत्यात व्हय?"

तो मला सोडत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आणि मी म्हणालो, "एखाद्याच्या हाताला खार असतो."

तुम्हाला हे ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्याकडं लोणच्याच्या बरणीला सगळ्यांना हात लावू देत नाहीत. काहींच्या हातानं लोणचं नासतं, पापडाचं पीठ बिघडतं. लोहार म्हणतात, एखाद्याच्या घामानं लोखंड गंजतं. त्याला खारा हात म्हणतात. माणूस वाईट नसतो, हातच तसा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, सगळ्यांच्या घरात अशी एक चुलती किंवा आत्या असते. रंगाच्या धंद्यात कुणी ते कधी म्हटलं नव्हतं. मी पहिला. मी इतकंच बोलून थांबलो नाही — म्हणालो, "वय झालं की काहींच्या हाताला तो नव्यानं सुटतो. मला थोडा संशय होताच. बघा ना, जिथं जिथं पुसायला गेला तिथं तिथं वाढत गेलं."

आणि ते खरं होतं. वाढत तर गेलंच होतं, सगळ्यांच्या डोळ्यासमोर.

कुणी हसलं नाही. शेठ हळू आवाजात म्हणाले, "असेल बाबा. आमच्या आईच्या हाताला पण लोणचं चालायचं नाही." सोपानसारखा माणूस, त्यानंही मान डोलावली. खोटं बोलणारा निवृत्तीदादा कुणी बघितलाच नव्हता. बबननं रुमाल सोडला आणि त्या रुमालानं दोन्ही तळवे पुसायला लागला. पुसतच राहिला. मग म्हणाला, "बरं झालं तुमी सांगितलं. दुसऱ्या कुणी तोंडावर सांगितलं नसतं."

पुढचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते सांगायला जड जातं आणि तुम्हाला ऐकायला लागणार आहेच. दिवाळीआधी त्यानं धीर करून एक टेम्पो घेतला रंगायला. हातात मोजे घालून काम केलं. पण ते थिनरचं फडकं त्यानं टाकलं नव्हतं, शेडमध्ये खिळ्याला तसंच लटकत होतं. त्याच फडक्यानं त्यानं टेम्पो पुसला. मला पलीकडून ते फडकं दिसायचं. मी काहीच बोललो नाही. टेम्पोला डोळे पडले. मोज्यातून सुद्धा खार जातो, असं हायवेवर पसरलं. मग ड्रायव्हर लोक त्याला गाडीला टेकू देईनात — गमतीनं म्हणायचे, 'ए बबन, लांब ऱ्हा, रंग उतरंल.' तो पण हसायचा. माणूस हसतो म्हणजे त्याला लागत नाही का?

वर्षाच्या आत शेड मोडली. कॉम्प्रेसर विकला. गन मला आणून दिली, कापडात गुंडाळून. "माझ्याकडं गंजंल," म्हणाला. मी घेतली. आता तो नारायणगावला टोमॅटोच्या पॅकिंगमध्ये आहे, क्रेट उचलतो. तिथं मोजे सगळेच घालतात, पण तो घरीही घालतो, असं कळलं.

मधे एकदा आडवारी लेण्याद्रीला गेलो होतो. चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसलो, तर वरून बबन आणि त्याची बायको उतरत होते. तो पाया पडला — डोकं टेकवलं, हात नाही लावला. बायकोला म्हणाला, "हे दादा. ह्यांनीच मला खरं सांगितलं." ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तसं माझ्याकडं माझी सून सुद्धा बघत नाही. तो प्रसादाचा पुडा पुढं करून म्हणाला, "तुमीच उचला दादा." पुडा त्यानं कागदाच्या टोकाला धरला होता. मी पेढा उचलला आणि त्याच्यासमोर खाल्ला. सांगायला ती जागा कमी होती का? वर देव, खाली पायऱ्या, तिघंच माणसं. मी विचारलं, पाऊसपाणी कसं काय तिकडं. त्यानं भाताचं सांगितलं. मग ते खाली गेले आणि मी वर.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सांगणार का, ते मी तुम्हाला कबूल करणार नाही. मी त्याचं कारण छाती, वय, भीती असं काहीबाही पुढं करू शकेन. पण त्या दिवशी मला भीती नव्हती. शेठ मला काही म्हणाले नसते, बबन तर मुळीच नाही. तो म्हणाला असता, 'असू द्या दादा, पुन्हा धुतो.' एवढंच झालं असतं.

राहिलं ते डोळे पडले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. ते मी मागं ठेवलं होतं.

शेठनी गाडी माझ्याकडं आणायला सांगितली. दसऱ्यापुरता तुम्हीच हात मारा, तोंडाला फडकं बांधून का होईना, असं म्हणाले, आणि मी हो म्हणालो. सकाळी लवकर सोपाननं गाडी माझ्या शेडसमोर लावली. मी हात आधी रॉकेलनं धुतले, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. काय करायचं ते मला माहीत होतं, कारण काय झालं होतं ते मला माहीत होतं. नवीन कोरी फडकी फाडली. कढत पाण्यात सोडा टाकला, कालचा कच्चा रंग त्यानं सुटून येतो. दारापासून मागं, एकाच दिशेनं, प्रत्येक पुसण्याला नवीन फडकं, आणि वापरलेलं लगेच चुलीत.

बबन रस्ता ओलांडून आला. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला होता. जरा लांबच उभा राहिला आणि माझ्या हाताकडं बघत राहिला — कसं पुसतो, किती दाबतो. शिकत होता. अजून शिकत होता. मी पहिला पट्टा धुतला, ती चार बोटं गेली. दुसरा धुतला, खालचा डाग गेला. बादलीतलं पाणी मळलं तसा तो पुढं आला. "दादा, पाणी बदलून देऊ?"

सोपान तिथंच होता, दोन माणसं आणखी होती.

मी वर न बघता म्हणालो, "बादलीला हात लावू नको." आणि मी स्वतः उठलो, पाणी ओतलं, नवीन भरलं, आणि पुढचा पत्रा धुवायला घेतला.